पिंपातली कोंबडी, उतारावरची भुताची गाडी आणि खेळाडूंचे तर्क

गेमच्या पार्श्वभूमीत दिसणाऱ्या चमत्कारिक गोष्टींवर खेळाडू जे मजेशीर तर्क लढवतात, त्यांबद्दल विचारलं आहे. रस्त्यावरच्या पिंपात भाजलेली कोंबडी कोण ठेवतं, शेकडो वर्षं बंद असलेल्या थडग्यात मेणबत्त्या कोण लावतं, दरवाजे राक्षसाच्या मापाचे का असतात, अशा गोष्टी. बनवणारे हे मुद्दाम करतात की त्यांच्या हातून राहून जातं, ते ओळखायचं कसं, आणि या तर्कांकडे आम्ही मंडळी कसं बघतो, असा तिहेरी प्रश्न आहे.

मी लेव्हल आर्टिस्ट आहे. खेळाडू ज्या गल्लीतून धावतो ती गल्ली, तिच्यातले खांब, पेट्या, पायऱ्या, दिवे हे सगळं मांडणं हा माझा धंदा. शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. हे तर्क म्हणजे आमच्या कामाचं सगळ्यात बारकाईने झालेलं वाचन आहे, असं मी मानतो. परीक्षण लिहिणारे कथेबद्दल, ग्राफिक्सबद्दल, लढाईबद्दल लिहितात. कोपऱ्यातल्या बादलीकडे बघतो तो फक्त तिच्यावर विनोद करणारा खेळाडू. आणि विनोद बहुतेक वेळा नेमका तिथेच सुचतो जिथे आम्ही काहीतरी निभावून नेलेलं असतं. त्यामागचं कारण त्याला माहीत नसतं, पण सांधा कुठे आहे ते त्याने अचूक हेरलेलं असतं.

पिंपापासून सुरू करू. आपल्याकडच्या गेम पार्लरमध्ये ज्याला सगळे 'मुस्तफा' म्हणायचे तो कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. पिंप फोडायचं, पेटी फोडायची, आतून खाणं निघणार, आणि मारामारी चालू असताना आपला माणूस वाकून ते खाणार. कॅपकॉमच्याच १९८९ च्या 'फायनल फाइट'मध्येही हे होतं. कोनामीच्या १९८६ च्या 'कॅसलव्हेनिया'त तर किल्ल्याची भिंत फोडली की आतून मांसाचा तुकडा निघतो. पार्लरमध्ये यावर चर्चा रंगायची: गुंडांचा दुपारचा डबा असेल, हॉटेलवाला धाड पडेल म्हणून लपवत असेल, भिंतीतलं मांस खाऊन त्या माणसाचं पोट कसं बिघडत नाही.

कारण हिशेबाचं आहे. कॉइनवर चालणाऱ्या मशीनमध्ये खेळाडूला परत किती ताकद द्यायची हे फार जपून ठरवावं लागतं. जास्त दिली तर एका कॉइनवर पोरगं तासभर उभं राहतं, कमी दिली तर वैतागून निघून जातं. म्हणून खाणं मोजकं आणि ठरलेल्या जागी ठेवतात. ते उघड्यावर ठेवलं तर दिसताक्षणी उचललं जाईल. पिंपात ठेवलं की फोडायला वळावं लागतं, तेवढ्यात मागून मार बसतो, शेजारचा जोडीदार ते पळवूही शकतो, आणि मग दोघांत खरंखुरं भांडण होतं. खाणंच का, तर इवल्याशा चित्रातही भाजलेली कोंबडी ओळखू येते आणि ती खाल्ल्यावर बरं वाटेल हे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे 'कुणीतरी मुद्दाम लपवून ठेवलंय' हा पार्लरमधला तर्क बरोबरच होता. लपवणारा फक्त गेमच्या आतला नव्हता.

त्याच सुमारास घराघरांत टीव्हीला जोडायच्या नकली मशीनमध्ये कॅसेट घालून जो मारिओ खेळला जायचा, तो १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. त्यातला ढग आणि त्यातलं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. हे लक्षात आल्यावर लोकांनी झुडपांना 'जमिनीवर उतरलेले ढग' ठरवलं आणि त्यावर ऋतुमानाचे सिद्धांत रचले. कॅसेटची सगळी मिळून जागा ४० किलोबाइट होती, आणि तिच्यातला चित्रांचा वाटा फक्त ८ किलोबाइट. एवढ्या जागेत एका चित्राला दोन कामं लावणं ही काटकसर नव्हे, ती चांगली रचना आहे. बघणाऱ्याला हिरवं दिसलं की झुडूप वाटतं आणि आभाळात पांढरं दिसलं की ढग. चूक वाटत नाही, हेच त्या चित्राचं यश.

मारिओबद्दलचा आणखी एक तर्क मला गेमच्या इतिहासातल्या उत्तम विनोदांपैकी वाटतो. त्या गेमसोबत आलेल्या छापील पुस्तिकेत लिहिलं होतं की दुष्ट बाउजरने जादूने मशरूम राज्यातल्या प्रजेच्या विटा, दगड आणि रानटी झुडपं करून टाकली. मग खेळाडूंनी हिशेब मांडला: मारिओ डोक्याने फोडतो त्या विटा म्हणजे कोण? राज्य वाचवायला निघालेला हा गडी वाटेत प्रजेलाच संपवत चाललाय. पुस्तिका लिहिणाऱ्याने गोष्ट सांगितली, लेव्हल रचणाऱ्याने विटा फोडायची गंमत दिली, आणि दोघांच्या कामाची गाठ कुठे नीट बसली नाही ते पुस्तिका मन लावून वाचणाऱ्या पोरांनी दाखवून दिलं. आज मोठ्या स्टुडिओंमध्ये कथा आणि खेळ यांचा मेळ तपासायला माणसं असतात. तेव्हा हे काम खेळाडूंनी हसत हसत केलं.

आता माझ्या रोजच्या कामाकडे येतो, कारण दरवाजांचा प्रश्न थेट तिथला आहे. ज्या गेममध्ये आपण पात्राला पाठीमागून बघतो, तिथे कॅमेरा पात्राच्या मागे आणि थोडा वर तरंगत असतो. खरीखुरी आठ-नऊ फुटांची खोली बनवली तर कॅमेरा छतात घुसतो किंवा पात्राच्या मानेला चिकटतो आणि खेळाडूला काही दिसत नाही. म्हणून छत उंच करायचं, भिंती मागे सारायच्या. दुसरी गोष्ट, इंजिनच्या, म्हणजे गेम ज्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरच्या, दृष्टीने पात्र म्हणजे हातपाय असलेला माणूस नसतोच; त्याच्याभोवती एक अदृश्य कॅप्सूल असते आणि टक्कर तिची होते. अनरिअल इंजिनच्या थर्ड पर्सन नमुन्यात या कॅप्सूलची त्रिज्या ४२ सेंटीमीटर असते, म्हणजे रुंदी ८४. आपल्या घरातला न्हाणीघराचा अडीच फुटी दरवाजा साधारण ७६ सेंटीमीटर भरतो. म्हणजे तुमच्या-आमच्या घरातल्या बाथरूममध्ये गेमचा नायक शिरूच शकत नाही. त्यातून मागे येणारा साथीदार, समोरून येणारा शत्रू, दोघांना एकमेकांना ओलांडायला जागा, हे सगळं धरलं की दरवाजा राजवाड्याचा होतो. मग त्या दरवाजाला शोभेल अशी खुर्ची करावी लागते, खुर्चीला शोभेल असं टेबल. 'या शहरात पूर्वी आठ फुटी माणसं राहत होती' हा खेळाडूंचा आवडता सिद्धांत आहे, आणि मोजमापाच्या बाजूने बघितलं तर तो फारसा चुकीचा नाही. ते शहर माणसासाठी बांधलेलं नसतं, कॅमेऱ्यासाठी बांधलेलं असतं.

आरशांचंही तसंच. प्रलय झालेल्या जगात प्रत्येक आरसा फुटलेला किंवा मळलेला का, यावर 'जगबुडीनंतर लोकांनी सगळ्यात आधी आरसेच फोडले' असा तर्क असतो. खरा आरसा दाखवायचा तर साऱ्या खोलीचं चित्र दुसऱ्या बाजूने पुन्हा काढावं लागतं आणि मशीनवरचा भार एकदम वाढतो. १९९६ च्या 'ड्यूक न्यूकेम ३डी'मध्ये आरसे चालायचे, पण त्यासाठी नकाशात आरशाच्या मागे मोकळी जागा राखून ठेवावी लागे. ज्याला तेवढी जागा किंवा ताकद परवडत नाही तो आरसा फोडून टाकतो.

थडग्यातल्या मेणबत्त्यांचा प्रश्न 'स्कायरिम'मुळे गाजला. २०११ चा हा गेम. युगानुयुगं बंद असलेल्या थडग्याचं दार नायक पहिल्यांदा उघडतो आणि आत मेणबत्त्या तेवत असतात, मशाली पेटलेल्या असतात, कुठे खायच्या वस्तूही सापडतात. आर्टिस्टच्या बाजूने सांगतो. काळोखी खोली खेळाडूला दिसली पाहिजे. उजेड टाकायचा तर तो कुठून येतो ते दिसलं पाहिजे, नाहीतर खोली सिनेमाच्या सेटसारखी खोटी वाटते. मग छताला भोक पाडून ऊन आणायचं, चमकणारी बुरशी लावायची किंवा मेणबत्ती ठेवायची. सलग अनेक खोल्यांत भोकं पाडता येत नाहीत, म्हणून मेणबत्ती. खेळाडूंनी ठरवलं की थडग्यातली प्रेतं, म्हणजे ड्रॉगर, रात्री उठून झाडलोट करतात आणि दिवे लावतात. मजा अशी की गेममधल्याच एका पुस्तकात ड्रॉगर पाळीपाळीने जागे होऊन आपल्या धन्याची सेवा करतात, जागा झाडून ठेवतात, असं वर्णन आहे. लिहिणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला होता आणि त्यांनी त्याचं उत्तर कपाटात ठेवून दिलं होतं. मला हे फार आवडतं. प्रश्न उडवून लावला नाही, त्याची दखल घेतली.

मेमरीची गोष्ट मात्र नीट सविस्तर सांगायला हवी, कारण सगळ्यात जास्त दंतकथा तिच्यातून जन्माला आल्या आहेत.

'जीटीए' म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या मालिकेतले 'व्हाइस सिटी' आणि 'सॅन अँड्रियास' आपल्याकडच्या सायबर कॅफेत किती खेळले गेले ते त्या वयाच्या कुणालाही विचारा. त्यात एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती: एरवी शोधून मिळत नाही अशी गाडी एकदा पळवली की रस्त्यावर जिथे तिथे तीच दिसू लागते. 'भाऊने घेतली म्हणून सगळ्या गावाने घेतली' हा त्यावरचा तर्क. 'सॅन अँड्रियास' २००४ मध्ये आला तो प्लेस्टेशन २ साठी, आणि त्या मशीनची मुख्य मेमरी ३२ मेगाबाइट होती. तीन शहरं, वाळवंट, जंगल एवढं सगळं त्यात एका वेळी मावणं अशक्य. म्हणून गेम तुमच्या आसपासचा तुकडाच मेमरीत ठेवतो, आणि गाड्यांची मॉडेलंही मोजकीच. तुम्ही बसलेल्या गाडीचं मॉडेल मेमरीत असणं भागच आहे. मग रहदारी तयार करणारा प्रोग्राम हाताशी असलेल्या मॉडेलांतूनच निवड करतो आणि तुमचीच गाडी चौकाचौकात उभी राहते. शेजारी शेजारी उभी असलेली जुळी माणसंही याच हिशेबातली.

याच गेममध्ये 'बॅक ओ बियॉन्ड' नावाचं जंगल आहे. तिथे ग्लेनडेल नावाची ठेचकाळलेली गाडी आत कुणी नसताना आपोआप उतारावरून घरंगळत येते. या 'भुताच्या गाडी'वर किती रात्री खर्ची पडल्या असतील! आमच्या धंद्यातल्या माणसाला ती लगेच समजते. गाडी नकाशावर उतारावर ठेवली आहे. खेळाडू लांब असतो तोवर ती अस्तित्वातच नसते. जवळ गेलं की ती तयार होते, भौतिकीचे नियम तिला लागू होतात, हँडब्रेक लावलेला नसतो, आणि ती निघते. मांडणाऱ्याने नकाशावर ती वरून बघून ठेवली असेल. वरून उतार कळत नाही.

त्याच जंगलात आणि शेजारच्या माउंट चिलियाड डोंगरावर बिगफूट दिसतो अशी अफवा होती. बिगफूट म्हणजे अमेरिकेच्या जंगलात फिरतो असं तिथले लोक सांगतात तो केसाळ महामानव. धूसर फोटो फिरू लागले, कुणाला पावलं दिसली, कुणाला सावली. ही मालिका बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीच्या टेरी डोनोवन यांनी गेममध्ये बिगफूट नाही असं मुलाखतीत स्पष्ट सांगितलं. लोकांनी गेमच्या फायली उघडून पाहिल्या, त्यात तसं मॉडेल नाही. तरी शोध थांबला नाही. मला यात अंधश्रद्धा दिसत नाही. मला त्या जंगलाची मांडणी दिसते. बाकीचा गेम गजबजलेला आहे, रेडिओ, शिव्या, पोलीस, गोळ्या. या जंगलात शिरलं की माणसं संपतात, धुकं येतं, झाडांची चित्रं लांबून डगमगतात. जिथे शंभर वस्तू असतात तिथे कुणी एकीकडे बघत नाही. जिथे जवळजवळ काहीच नाही, तिथे हलणारी एक गाडी म्हणजे साक्षात्कार. ज्याने ते जंगल एवढं रिकामं ठेवायचं धाडस केलं, त्याने बिगफूटचं मॉडेल न बनवता बिगफूट बनवला. पुढे २०१३ च्या 'जीटीए ५'मध्ये रॉकस्टारने खास एक प्रसंग ठेवला: गेम शंभर टक्के पूर्ण केल्यावर तुम्ही बिगफूटच्या मागावर निघता आणि तो सोंग घेतलेला माणूस निघतो.

सगळंच मेमरीने होतं असं नाही. कधी इंजिनला एखादी गोष्ट येतच नाही आणि आहे त्यात भागवावं लागतं. 'फॉलआउट ३'च्या २००९ मधल्या 'ब्रोकन स्टील' या जादा भागात मेट्रोचा प्रवास आहे. त्या इंजिनात चालती वाहनं नव्हती. मग काय केलं, तर ट्रेन ही अंगावर घालायची वस्तू म्हणून बनवली आणि पात्राला चढवली. हे बाहेर आलं तेव्हा रुळांवर डोक्यात ट्रेन घालून धावणाऱ्या माणसाची चित्रं लोकांनी काढली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये जादूचा परिणाम कुठूनतरी सुटायला एखादा प्राणी लागायचा, म्हणून जागोजागी अदृश्य ससे ठेवलेले असत. ते जग सशांच्या पाठीवर उभं आहे, असं खेळाडू म्हणतात. अगदी खरं आहे ते.

'स्कायरिम'ची मधमाशी तर पार्श्वभूमीतल्या क्षुल्लक वस्तूचं सगळ्यात नमुनेदार उदाहरण. त्या गेमवर काम केलेल्या नेट पर्कीपाइल यांनी २०२१ मध्ये ही हकीकत सांगितली. गेमच्या सुरुवातीला नायकाला बैलगाडीसारख्या घोडागाडीतून नेतात. बनवताना ती गाडी कधीकधी थरथरायची आणि अग्निबाणासारखी आकाशात उडायची, आणि दर वेळी उडायची नाही. शेवटी उलगडा झाला. मधमाशी खेळाडूला पकडता येत नव्हती, म्हणून तो दोष कुणीतरी दुरुस्त केला होता. त्या दुरुस्तीने माशीला टक्कर देण्याची क्षमता आली. माशीचा उडण्याचा मार्ग पक्का, ती कुणासाठी हटणार नाही. वाटेत गाडी आली की गाडीच उडणार. हे खेळाडूंपर्यंत पोचलं असतं तर किती सिद्धांत निघाले असते याची मी कल्पना करू शकतो, आणि एकाही सिद्धांतात माशी नसती.

मेमरीच्या टंचाईतून गोष्टच जन्मते असंही होतं. शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चोरून खेळला जाणारा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' जॉर्डन मेक्नर यांनी १९८९ मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी केला. नवीन शत्रूची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. त्यांनी नायकाचीच चित्रं एका बिटने सरकवून, मूळ चित्राशी एक्सऑर करून (म्हणजे दोन्हींत जिथे फरक आहे तेवढाच भाग ठेवून), एक लुकलुकणारी आकृती मिळवली. नायक आरशातून उडी मारतो तेव्हा बाहेर पडणारी ती सावली. 'हा त्याचा जुळा भाऊ का' असं विचारणाऱ्या पोरांना कुणी सांगितलं नव्हतं, पण हो, अक्षरशः त्याच्याच चित्रांतून काढलेला.

माझ्या कामातलं एक सांगतो. एका मोबाइल गेमसाठी गल्ली मांडताना भिंत आणि फरशी मिळते तिथला टेक्स्चरचा, म्हणजे वर चढवलेल्या चित्राचा, सांधा डोळ्यांत येत होता. तो झाकायला मी तिथे एक चप्पल टाकली. एकच, कारण जोडी ठेवली की कुणीतरी आत गेलंय असं वाटत होतं आणि ते दार उघडत नव्हतं. तीच चप्पल पुढे दोन-तीन लेव्हलमध्ये अशाच सांध्यांवर कामी आली. खेळाडूंनी त्या सगळ्या शोधल्या, ओळीत लावल्या आणि जाहीर केलं की एक माणूस शहरभर पळतो आहे. मग एका पोरीच्या लक्षात आलं की सगळ्या चपला डाव्या पायाच्या आहेत. तिथून पुढे चर्चा विलक्षण झाली: उजव्या चपला गोळा करणारी टोळी, एका पायाच्या माणसांची वस्ती. ते वाचताना मला आनंद झाला तो अजून आठवतो. पुढच्या अपडेटमध्ये मी मॉडेल आरशासारखं उलटवून उजव्या पायाची चप्पल केली आणि शेवटच्या लेव्हलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे ठेवली. सापडली त्यांना.

प्रत्येक विचित्र तपशिलाला असं निरागस कारण असतं असं मात्र नाही, आणि तेही सांगायला हवं. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'मध्ये धालसिम हा भारतीय लढवय्या आहे आणि त्याची लढाई खांबांच्या दालनात होते, मागे हत्ती ओळीने उभे. आपल्याकडच्या पार्लरमध्ये 'हे नक्की कुणाचं लग्न आहे' असं पोरं विचारायची. इथे मेमरी नाही, कॅमेरा नाही. दूर देशात बसलेल्या चित्रकाराच्या डोक्यातला भारत आहे. तो विनोद वेगळ्या प्रकारचा सांधा दाखवतो, आणि तोही तितकाच बरोबर ठिकाणी.

आता 'मुद्दाम की नाही' ओळखायचा भाग. खेळाडूंची नेहमीची कसोटी अशी: जी वस्तू साऱ्या गेममध्ये एकदाच दिसते, ती मुद्दामच. ऐकायला पटतं. पण याच कसोटीने सगळ्यात मोठी फसगत केली आहे. 'पोकेमॉन'चे पहिले गेम जपानमध्ये १९९६ साली आले. त्यांत व्हर्मिलियन शहराच्या बंदरात, एस. एस. ॲन या जहाजाच्या धक्क्याजवळ एक ट्रक उभा आहे. तसा ट्रक गेममध्ये दुसरीकडे कुठेही नाही. आणि तिथे सरळ जाताच येत नाही: तुमचं काम झालं की जहाज निघून जातं आणि धक्का बंद होतो. तिथे परत पोचायचं तर जहाजावरून मिळणारी 'कट' ही विद्या दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल करून मिळवायची, जहाज थांबवून ठेवायचं, पुढे जाऊन पाण्यावरून चालण्याची विद्या मिळवायची आणि मग यायचं. एवढी यातायात केल्यावर एक निरुपयोगी ट्रक दिसत असेल, हे कुणाला खरं वाटेल? तर्क निघाला की ट्रकखाली म्यू हा १५१ वा पोकेमॉन आहे. तो हलत नाही, त्याच्याखाली काही नाही.

पण अफवेच्या दुसऱ्या अर्ध्या भागात सत्य होतं. म्यू गेममध्ये होता. काम संपल्यावर चाचणीची साधनं काढून टाकली तेव्हा सुमारे ३०० बाइट जागा मोकळी झाली, आणि प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी तेवढ्यात म्यू बसवला. साध्या मार्गाने तो मिळत नव्हता. म्हणजे गुपित खरं, पत्ता खोटा. २००४ मध्ये हेच गेम नव्याने केले तेव्हा त्या ट्रकजवळ एक लाव्हा कुकी ठेवली. ज्यांनी लहानपणी तिथे जायचा खटाटोप केला होता त्यांच्यासाठी.

'सुपर मारिओ ६४'ची कथाही याच चालीची. १९९६ च्या या गेमच्या अंगणातल्या पुतळ्याखाली एक पुसट पाटी आहे. लोकांनी तिच्यावर 'एल खरा आहे २४०१' असं वाचलं आणि मारिओचा भाऊ लुईजी लपलेला आहे असा निष्कर्ष काढला. पाटी म्हणजे कमी पिक्सलचं एक टेक्स्चर. तेच १९९८ च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्येही वापरलं आहे, म्हणजे तिच्यात निरोप काही नाही. पण २०२० च्या जुलैमध्ये निन्टेन्डोच्या अंतर्गत फायली बाहेर फुटल्या आणि त्यांत त्या गेमसाठी केलेल्या लुईजीच्या मॉडेलचे अवशेष सापडले. तो असणार होता, नंतर काढला. पुरावा चुकीचा आणि निष्कर्ष बरोबर.

म्हणून एकटेपणाच्या कसोटीवर मी विसंबत नाही. मी बघतो ते असं: त्या वस्तूवर स्वतंत्र दिवा टाकला आहे का? आम्ही जिथे बघायला लावतो तिथे आधी उजेड टाकतो. तिला आवाज आहे का? आवाज बसवणारा माणूस वेगळा असतो, म्हणजे दोघांनी ठरवून केलं. ती वेळेनुसार किंवा गेमच्या टप्प्यानुसार बदलते का? बदलत असेल तर कुणीतरी त्यासाठी कोड लिहिलाय, आणि कोड कुणी फावल्या वेळात लिहीत नाही. पोकेमॉनच्या ट्रकला यातलं काहीच नाही. उलट 'मॉर्टल कॉम्बॅट'च्या १९९२ च्या पहिल्या गेममध्ये 'द पिट' या लढाईच्या जागी मागच्या चंद्रासमोरून आकृत्या उडत जायच्या, नेहमी नव्हे, कधीतरीच. हे 'कधीतरीच' म्हणजे कोड. आणि खरंच त्या आकृत्यांचा संबंध लपवलेल्या रेप्टाइल या लढवय्याशी होता.

'मॉर्टल कॉम्बॅट' बनवणाऱ्यांनी खेळाडूंच्या तर्कांना जेवढा मान दिला तेवढा क्वचितच कुणी दिला असेल. पहिल्या गेमच्या मशीनमध्ये हिशेबाच्या पडद्यावर 'एर्मॅक्स' अशी नोंद होती. ती चुका मोजणाऱ्या मॅक्रोची, म्हणजे प्रोग्राममधल्या एका छोट्या तुकड्याची होती. लोकांनी तो लपलेला लाल निंजा ठरवला. १९९५ च्या 'अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३'मध्ये एर्मॅक हा लाल निंजा खरोखर आला. १९९३ च्या दुसऱ्या भागात एका पुलावर लढताना मागे दूर दुसऱ्या पुलावर दोघे लढताना दिसतात, त्यातला एक पेटलेला. निव्वळ सजावट. खेळाडूंनी त्याला नाव दिलं, त्याच्यापर्यंत पोचायचे मार्ग कल्पिले. तोच पुढे ब्लेझ म्हणून आला आणि २००६ च्या 'आर्मगेडन'मध्ये शेवटचा शत्रू झाला. मागच्या पुलावरचा जळता माणूस तेरा वर्षांत सगळ्यांत पुढे आला, आणि त्याला पुढे आणणारे बघे होते.

अशी दखल नाजूक हाताने घ्यावी लागते. २००५ च्या 'शॅडो ऑफ द कोलोसस'मध्ये सोळा महाकाय आहेत. सतरावा कुठेतरी लपलाय या समजुतीने लोकांनी वर्षानुवर्षं ते ओसाड माळरान पालथं घातलं. २०१८ मध्ये ब्लूपॉइंट या स्टुडिओने तो गेम नव्याने केला तेव्हा सतरावा महाकाय टाकला नाही. त्याऐवजी चमकणारी ७९ नाणी नकाशाच्या कानाकोपऱ्यांत ठेवली. सगळी वेचली की बंद दार उघडतं आणि आत एक तलवार असते. शोधणाऱ्यांच्या वाटाच त्यांनी बक्षीस म्हणून दिल्या. उत्तर हातात ठेवून त्यांनी कोडं मारून टाकलं नाही.

याच्या उलट, हल्ली काही गेममध्ये निव्वळ चर्चा व्हावी म्हणून भिंतींवर गूढ चिन्हं आणि अर्धवट आकडे रंगवलेले दिसतात. मला ते आवडत नाही. त्यावर निघणारे तर्क लांबलचक असतात पण हसू येत नाही, कारण तिथे सांधाच नसतो. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये 'व्होल्कॅनो मॅनर' या वाड्यातली एक भिंत पन्नासेक वार केल्यावर नाहीशी होते असं कुणाला तरी आढळलं, आणि मग जगभरचे लोक त्या गेमची प्रत्येक भिंत बडवत सुटले. त्या भिंतीला चुकून शत्रूसारखी ९,९९९ ताकद लागलेली असावी, हा बहुतेकांनी काढलेला निष्कर्ष मलाही पटतो. तुम्हाला स्वतः शोध घ्यायचा असेल तर अशाच जागा धरा: जिथे दोन माणसांची कामं एकमेकांना भिडतात. भिंतीचा पाया, पाण्याचा काठ, दाराची चौकट, झाडाचा बुंधा जमिनीत शिरतो ती रेघ. खेळ थोडा वेळ थांबवून कॅमेरा तिथे न्या आणि विचारा, हे इथे कुणी, कशासाठी ठेवलं असेल.